बिट्टीच्या हातचं

८ नोव्हेंबर

बिट्टी,

आई पोचली. प्रवासात पाय थोडा सुजला होता, आता उतरलाय. हे मेहुण्यांशी फोनवर बोललेच आहेत. पण तू माझ्याशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीस आणि मी जरा बोलायला लागले की आई शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र लिहितेय. उन्हाळ्यात आपण एकमेकींना जे काही बोललो ते मी उगाळत नाही. तूही उगाळू नकोस.

आधी कामाचं. आमच्या हॉस्पिटलच्या हाडांच्या डॉक्टरांनी आईचा गुडघा बघितला. म्हणाले, थंडीत थोरलीकडे आणि उन्हाळ्यात धाकटीकडे ही ये-जा आता बंद करा, फार तर आणखी एक प्रवास. म्हणजे यापुढे ती एकीकडेच राहणार. तू म्हणशील तुझं घर तळमजल्यावर आहे. मी म्हणेन हॉस्पिटल माझ्या गल्लीच्या टोकाला आहे आणि तिथल्या किचनची मुख्य मी आहे. आपण दोघी भांडत बसलो तर मधल्यामध्ये म्हातारीचे हाल होतील. तर वर्षअखेरच्या सुट्ट्या संपल्या की आईलाच विचारायचं, आणि ती म्हणेल तिथे ती राहील. तोवर कोणी तिचे कान भरायचे नाहीत.

मी भरत नाहीये. पण तू तिकडे बसून तिची जीभ भरून ठेवलीयस त्याचं काय?

परवा पहिली थंडी पडली. मी दमून आले तरी भोपळ्याचं सूप केलं. आई दोन चमचे प्याली आणि 'छान झालंय' म्हणाली. तिचं ते 'छान झालंय' तुला माहीत आहे. पडदे धुतले सांगितलं तरी ती त्याच आवाजात म्हणते. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "पावसाने गारठा पडला की बिट्टी अख्खा गोल पाव कोरते आणि त्यातच सूप वाढते. सूप संपलं की वाडगाही खाऊन टाकायचा."

हे हसले. मला काही हसू आलं नाही. दिवसभर मी दोनशे माणसांचं रांधते, कोणाला मीठ बंद, कोणाला साखर बंद, प्रत्येक ट्रेवर वेगळ्या रंगाची चिठ्ठी, आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभी राहते. तुझं बरं आहे. घरी बसून पडदे शिवायचे, मधेच उठून पाव कोरायचे.

असो. आमच्या लहान मुलांच्या वॉर्डात असलं काही द्यावं असं डाएटवाल्या बाई म्हणत होत्या. तेव्हा तो पाव गळू नये म्हणून तू काय करतेस ते कळव. वॉर्डासाठी विचारतेय.

ताई


२७ नोव्हेंबर

बिट्टी,

उत्तर नाही. ठीक आहे. गुपित असेल तर ठेव उराशी.

मी माझ्या डोक्याने पाव केला. वरची चकती कापली, आतला गाभा काढला, सूप ओतलं आणि टेबलावर ठेवलं. सगळे बसेपर्यंत पावाने बूड सोडलं. सूप टेबलभर पसरून ह्यांच्या मांडीवर गेलं. दिवसभर बस चालवून आलेला माणूस, निमूटपणे उठला आणि पँट बदलून आला. मी बेकरीवाल्याला शिव्या घातल्या की हल्ली पावात दम नसतो. नाचता येईना अंगण वाकडं, हे मलाही कळतं, पण आईसमोर कोण कबूल करणार? आई टेबल पुसायला मदत करत शांतपणे म्हणाली, "बिट्टीचा गळत नाही."

मी जाऊन भांडी घासली. मला वाटतं जरा जोरातच घासली.

आता पुढचं ऐक. काल दिवसभर पाऊस होता. भाजलेले बटाटे केले होते. आई म्हणाली, सुट्टीच्या पहिल्या दिवशी बिट्टी बटाट्यांच्या होड्या करते. अर्धे कापून, कोरून, लोणी-चीज घालून पुन्हा भाजायचे आणि वर काकडीच्या पातळ कापाचं शीड खोचायचं. ताटात नुसता तांडा निघतो म्हणे होड्यांचा. हे सांगताना आईचे डोळे असे लकाकत होते की मला बघवेना. माझ्याकडे आल्यापासून तिचे डोळे कशासाठीही असे लकाकले नाहीत.

खरं सांगू? पोटात दुखतं माझ्या. चाळिशी उलटलेली बाई बटाट्याला शिडं लावते, याला काय म्हणावं! लहानपणीही तू अशीच होतीस. मी सगळ्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि तू कणकेची चिमणी करायचीस. आई चिमणी शेजारणींना दाखवत फिरायची. पोळ्या कोणी कोणाला दाखवल्या नाहीत.

आणि हे सगळं सुट्टीच्या तोंडावर. आईला विचारायची वेळ जवळ येतेय. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तुझ्या होड्या तरंगत असणार.

होड्यांमध्ये चीज कुठलं घालतेस ते तरी सांग. डाएटवाल्या बाईंना हवंय.

ताई


१४ डिसेंबर

बिट्टी,

तुझं पत्र मिळालं. किचनच्या मागच्या दाराशी भाजीच्या रिकाम्या क्रेटवर बसून वाचलं. आतून हाका येत होत्या, मी उठले नाही.

आधी मला वाटलं तू खोटं बोलतेयस. 'मी जन्मात पाव कोरला नाही, बटाट्याच्या होड्या मी कशाला करू, ताई तू माझी टिंगल करतेयस का?' हे वाचून मी म्हटलं, ही बाई साळसूदपणाची हद्द आहे. मग पुढचं वाचलं. की आई तुझ्याकडे असताना उन्हाळाभर तुझा जीव खाते. ताई द्राक्षं गोठवून काचेच्या पेल्यात देते. ताई सफरचंदाचा मधला भाग काढून त्यात बदाम-मनुका भरते आणि मंद आचेवर भाजते. ताई संत्र्याच्या सालीत जेली लावते आणि मग फोडी कापते.

बिट्टे, मी द्राक्षं बाजारातून आणते, धुते आणि ताटलीत ठेवते. संपलं. सफरचंद भाजायला मला वेड लागलंय का?

तुझ्यासारखीच माझीही पहिली शंका तीच होती. की आईच्या डोक्यात गोंधळ व्हायला लागला. मी घरी येऊन तिची परीक्षाच घेतली. आज वार कोणता, औषधं कुठली, मेहुण्यांचा वाढदिवस कधी. तिने सगळं बिनचूक सांगितलं, वर विचारलं की तुझं डोकं ठिकाणावर आहे ना.

मग तू पत्राच्या शेवटी लिहिलेलं आठवलं. टपालवाल्याची बायको! कशी विसरले मी तिला? आई बाबांना सारखी सांगायची, टपालवाल्याची बायको गाजराचा केक काय करते म्हणे. टपालवाल्याची बायको सुट्टीच्या दिवशी सकाळी नुसत्या फळांची न्याहारी करते म्हणे. मग बाबा गाजरं आणायचे, फळं आणायचे, आणि आपण समजायचो की ती बाई म्हणजे मोठी सुगरण. तू एकदा तिच्याकडे मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेलीस तर तिने तुला शिळा पाव आणि लोणचं दिलं. रडत घरी आली होतीस.

म्हणजे आपली आई कधीच 'मला खावंसं वाटतंय' असं म्हणाली नाही. साऱ्या जन्मात नाही. तिला डोहाळे लागले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात लागायचे. आधी टपालवाल्याच्या बायकोच्या. आता आपल्या.

मी हसले की रडले ते सांगत नाही. पण एक कबूल करते, मला फार हलकं वाटलं. तू काही माझ्यापेक्षा भारी स्वयंपाक करत नाहीस. नुसत्या खोट्या होड्यांवर मी महिनाभर जळत होते!

आणि लगेच दुसरं मनात आलं, तेही लिहून टाकते. माझ्या नावावर तिने तुझ्याकडे द्राक्षं, सफरचंदं, जेली, आणखी काय काय मागितलं. इथे तुझ्या नावावर पाव आणि होड्या, बस. तुझ्याकडे तिला जास्त खावंसं का वाटतं? हवा चांगली आहे की काय तुमची?

तिला आपल्याला कळलंय हे कळू देऊ नकोस. शरमेने जेवायची बंद होईल.

ताई


२ जानेवारी

बिट्टी,

सुट्ट्या संपल्या. होड्या केल्या. वर काकडीची शिडं लावली. चांगल्या झाल्या होत्या, मी स्वतः म्हणते. ह्यांनी दोनदा घेतल्या. आईने तर बशीला लागलेलं चीजसुद्धा बोटाने निपटून खाल्लं. मी वाट बघत होते. सगळं खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "झाल्यात छान, पण बिट्टीच्या हातचं वेगळंच गं."

जी वस्तू तू कधी केलीच नाहीस तिच्यातही तू माझ्या पुढे! मला माहीत आहे की तिला तसं म्हणावंच लागतं, नाहीतर तिचं सोंग उघडं पडेल. हे सगळं कळूनही मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. एकदा, फक्त एकदा ती म्हणाली असती की ताई, हे तू भारी केलंस, तर तिचं काय बिघडलं असतं?

पाव या वेळी गळला नाही. आतून लोणी लावून आधी कडक भाजून घ्यायचा. तुझ्याकडे कधी मागितलाच तर लक्षात ठेव.

राहायचं ठरलं. मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते स्पष्ट म्हणाले, या वयात हॉस्पिटल जवळ असलेलं उत्तम, जिने काय, रोज थोडेच चढायचेत. तेव्हा ती इथेच राहील. मी तिला तसं सांगितलं, ती 'बरं' म्हणाली. तू वाईट वाटून घेऊ नकोस. सुट्टीत येत जा.

ताई


३ फेब्रुवारी

बिट्टी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. 'आई स्वतःच्या तोंडाने काय म्हणाली ते लिही, डॉक्टरांचं नको' असं तू विचारलंस. मी पत्र डब्यांच्या मागे ठेवून दिलं होतं.

तर घे. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं होतं, आई, तुला कुठे राहायला आवडेल, मोकळेपणाने सांग. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणत होते, तळमजला बरा."

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठलं. ते असलं काही म्हणालेच नव्हते. उलट मी तुला लिहिलं तेच म्हणाले. ते खरं आहे, मी एका अक्षराने खोटं लिहिलं नाही. फक्त त्याआधी आई काय म्हणाली ते गाळलं.

तुला कळलं ना? या वेळी तिला टपालवाल्याची बायको सापडली नाही म्हणून तिने डॉक्टरांना पुढे केलं. आणि मी खरे डॉक्टर आणून तिच्या तोंडावर मारले. घरी जाऊन तिला सांगितलं की तुझा ऐकण्यात घोटाळा झाला, ते तर इथेच राहा म्हणतात. ती म्हणाली, हो का? मग बरं.

तेव्हापासून महिना होत आला. महिनाभर या घरात तुझं नाव निघालं नाही. कडाक्याची थंडी पडली, धुकं आलं, संत्री आली, एकदा दिवसभर पाऊस लागला. बिट्टी अमुक करते नाही की तमुक करते नाही. मी वाढते ते ती खाते आणि 'छान झालंय' म्हणते. मला जे हवं होतं ते अगदी जसंच्या तसं मिळालं.

मी गेल्या आठवड्यात स्वतः विषय काढून बघितला. म्हटलं, आई, या दिवसांत बिट्टी काय करत असेल गं संत्र्यांचं? ती म्हणाली, काय माहीत, खात असतील सोलून.

हॉस्पिटलमध्ये मी असे पेशंट खूप बघते. ट्रे पुढे ठेवला की खातात, उचलला की उचलू देतात. काय हवंय विचारलं तर काही नको म्हणतात. त्यांच्या ट्रेवर कुठलीही चिठ्ठी लावा, त्यांना फरक पडत नाही. माझ्या घरात माझी आई तशी बसलेली मला नको.

तेव्हा मेहुण्यांना पाठव. हिवाळा ओसरला की घेऊन जा तिला. तिला मी सांगितलंय की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं आणि ते तळमजलाच म्हणाले. त्या दिवशी जेवताना तिने हात लांब करून स्वतःच मीठ वाढून घेतलं.

तुझ्यावर मी अजून रागावलेय. हे उपकार म्हणून करत नाहीये आणि तूही आभार मानू नकोस.

ताई


२१ एप्रिल

बिट्टी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं.

'ताई टोमॅटो कोरून त्यात अंडं फोडते आणि तसंच भाजते.' वा! 'ताई केळी काडीला टोचून चॉकलेटमध्ये बुडवते आणि गोठवते.' अगं काय हात आहे माझा! आणि तू केलेली केळी खाऊन ती खरंच म्हणाली ना, की ताईच्या हातचं वेगळंच? शब्द तेच होते ना? तुझं तोंड कसं झालं असेल ते मला दिसतंय. माझ्या तोंडाचा इतके दिवस तोच अवतार होता.

यापुढे ती माझ्या नावाने जे मागेल ते लिहीत जा. ती म्हणाली तसंच लिही, तुझ्या भाषेत नको. आणि कशावर बसली होती, कुठे बघत होती, तेही लिही. घर फार शांत झालंय. हे बस लावून येतात, जेवतात आणि झोपतात. मी परवा रविवारी एकटीसाठी टोमॅटोत अंडं करून बघितलं. वाईट नाही लागत. जरा मिरपूड जास्त हवी.

तुझ्याकडे ती रोज माझं नाव घेते. इथे होती तेव्हा तुझं घ्यायची. मला आधी कळलं असतं तर मीच तिला केव्हाच तुझ्याकडे धाडलं असतं आणि आरामात बसून कौतुक करून घेतलं असतं.

ताई


१६ जुलै

बिट्टी,

तू इतक्या आनंदाने लिहिलंयस की मला तुझ्यावर चिडताही येत नाही.

म्हणजे असं झालं. तुम्ही सगळे मागच्या अंगणात बसला होतात. पावसाने उघडीप दिली होती. भाचीने बाजारातून मक्याची कणसं आणली होती. तू आत काही करत होतीस आणि आईने तिथूनच हाक मारली, "बिट्टे, मला एक कणीस भाजून दे. लोणी जास्त लाव." बस, एवढंच. ताई अशी भाजते नाही की ताई लोणी असं लावते नाही. तू म्हणतेस, तू चिमटा हातात धरून तशीच दारात उभी राहिलीस.

मी पण हे वाचून उभीच राहिले. सत्तरी उलटल्यावर आपल्या आईने पहिल्यांदा 'मला दे' म्हटलं. मला फार आनंद झाला, हे मी तुला सरळ सांगते, कारण ते खरं आहे. आणि तितकंच खरं हे की मी दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. किचनमधल्या पोरींवर उगाच ओरडले. ती माझ्याकडे इतक्या थंड्या राहिली. या घरात तिने कधी स्वतःसाठी पाण्याचा पेला मागितला नाही. तुझ्या अंगणात मागितलं. आणि मागताना माझं नाव घ्यायची तिला गरज पडली नाही.

तू लिहितेस, त्यानंतर आठवडाभर ती असंच सरळ मागतेय. कधी दही, कधी पेरू. माझ्या नावाचं काही मागितलं नाही म्हणून या वेळी लिहायला काही नाही, असं तू सहज लिहून गेलीस. तुला काय माहीत ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते.

तिला हवं ते दे. पेरूच्या बिया काढून दे, नाहीतर दात दुखतो आणि ती सांगत नाही. आता सांगेलही म्हणा.

दुसरं असं की तुझे भाऊजी म्हणत होते, त्यांना पुढच्या महिन्यात सुट्टी मिळतेय, तर आठ दिवस तुमच्याकडे यावं. सगळ्यांची भेट होईल, त्यांना तुझ्या गावची हवा मानवते असं त्यांचं म्हणणं आहे. मेहुण्यांना अडचण नसेल तर कळव.

नाही गं. हे काहीच म्हणाले नाहीत. ते तर झोपलेत.

मला यायचंय. मला बोलाव.

ताई